खुल्या संगीतस्थळांवरील टेलगेटिंग निर्बंध

खुल्या संगीतस्थळांवरील टेलगेटिंग निर्बंध म्हणजे संगीत कार्यक्रमापूर्वी किंवा कार्यक्रमानंतर वाहनतळावर गाडीभोवती जमून खाणे-पिणे, शेगडी पेटवणे, तंबू उभारणे, मोठ्याने संगीत वाजवणे इत्यादी गोष्टींवर घातलेली बंधने होत. ही प्रथा आणि तिच्यावरील बंधने मुख्यत्वे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत आढळतात. काही ठिकाणी टेलगेटिंगला पूर्ण बंदी असते, काही ठिकाणी केवळ मद्य किंवा उघडी ज्योत निषिद्ध असते, तर काही ठिकाणी ठरावीक वेळेत आणि ठरावीक जागेत ते करता येते. हे नियम संगीतस्थळाचा मालक, कार्यक्रमाचा आयोजक, स्थानिक प्रशासन किंवा उद्यान विभाग यांपैकी कोणीही करू शकतो. मद्यपान करून वाहन चालवण्याचा धोका, आग, गर्दी आणि कचरा ही निर्बंधांची प्रमुख कारणे सांगितली जातात. आवारातील खाद्यपेयांची विक्री वाढावी हाही निर्बंधांमागील हेतू असतो, असा आक्षेप टीकाकार घेतात.

संज्ञा

घोडागाडी, ट्रक, पिकअप किंवा स्टेशन वॅगन यांच्या मागच्या बाजूस बिजागरीवर उघडणारी जी फळी किंवा दार असते, त्याला इंग्रजीत टेलगेट म्हणतात. मराठीत ट्रकच्या अशा फळीला फाळका म्हणतात. हा फाळका खाली पाडला की त्याचा बसण्यासाठी किंवा पदार्थ मांडण्यासाठी उपयोग होतो. त्यावरून गाडीच्या मागे जमून केलेल्या सहभोजनाला टेलगेटिंग हे नाव मिळाले. प्रत्येकाने आपापले पदार्थ आणून एकत्र खाण्याच्या मराठी अंगतपंगतीशी या प्रथेचे साम्य आहे. मात्र टेलगेटिंगमध्ये गाडी, शेगडीवर भाजलेले मांस आणि बीअर यांना मध्यवर्ती स्थान असते.

पुढील वाहनाच्या अगदी जवळून वाहन चालवणे, तसेच अधिकृत व्यक्तीच्या पाठोपाठ विनापरवाना दारातून आत शिरणे, यांनाही टेलगेटिंग असेच म्हणतात. या लेखाचा त्या अर्थांशी संबंध नाही.

पार्श्वभूमी

प्रथेचा उगम

टेलगेटिंगच्या उगमाविषयी अनेक कथा प्रचलित आहेत. अमेरिकी यादवी युद्धातील बुल रनची पहिली लढाई जुलै १८६१ मध्ये झाली. ती पाहण्यासाठी वॉशिंग्टनहून काही नागरिक खाद्यपदार्थांच्या टोपल्या घेऊन गेले होते, या प्रसंगाचा उल्लेख अशा कथांत वारंवार येतो. मात्र त्या प्रसंगापासून आजच्या प्रथेपर्यंत अखंड परंपरा दाखवता येत नाही. आजच्या स्वरूपातील टेलगेटिंग महाविद्यालयीन आणि व्यावसायिक अमेरिकन फुटबॉलच्या सामन्यांभोवती वाढले. दुसऱ्या महायुद्धानंतर मोटारींची संख्या वाढली, उपनगरे विस्तारली आणि स्टेडियमभोवती मोठे वाहनतळ तयार झाले. १९५२ साली वेबर कंपनीची गोलाकार झाकणाची कोळशाची शेगडी आली आणि घराबाहेर मांस भाजण्याचा छंद अधिकच पसरला. फुटबॉलच्या मैदानावरील ही सवय पुढे संगीत कार्यक्रमांच्या वाहनतळांवरही रुजली.

ॲम्फिथिएटरांचा विस्तार

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात उभारलेली अमेरिकेतील बरीच खुली संगीतस्थळे शास्त्रीय संगीताच्या उन्हाळी कार्यक्रमांसाठी होती. इलिनॉयमधील रॅव्हिनिया १९०४ साली, तर लॉस एंजेलिसमधील हॉलिवूड बोल १९२२ साली सुरू झाले. मॅसॅच्युसेट्समधील टँगलवूड येथे बॉस्टन सिम्फनी ऑर्केस्ट्राचे कार्यक्रम १९३७ पासून होऊ लागले. या ठिकाणी हिरवळीवर सतरंजी अंथरून घरून आणलेले पदार्थ खात संगीत ऐकण्याची पद्धत रूढ झाली. खाणेपिणे प्रवेशद्वाराच्या आत होत असल्यामुळे वाहनतळाला त्यात महत्त्व नव्हते.

१९६० च्या दशकापासून वेगळ्या प्रकारची स्थळे वाढली. वास्तुविशारद फ्रँक गेरी यांनी रचलेले मेरीलँडमधील मेरीवेदर पोस्ट पॅव्हिलियन १९६७ साली, ओहायोतील ब्लॉसम म्युझिक सेंटर १९६८ साली, विस्कॉन्सिनमधील अल्पाइन व्हॅली १९७७ साली आणि इंडियानातील डिअर क्रीक १९८९ साली सुरू झाले. यांपैकी अनेक स्थळे शहराच्या मध्यभागापासून दूर, महामार्गांच्या आधाराने उभी राहिली. व्यासपीठासमोर छताखाली आसने आणि मागे उतरती हिरवळ अशी त्यांची रचना असते. रेल्वे किंवा बसची सोय अपुरी असल्याने बहुतेक श्रोते मोटारीनेच येतात. महामार्गावरील कोंडी टाळण्यासाठी ते काही तास आधी पोहोचतात आणि दार उघडेपर्यंत वाहनतळावरच थांबतात. टेलगेटिंगसाठी लागणारा मोकळा वेळ आणि मोकळी जागा अशा प्रकारे स्थळांच्या रचनेतूनच उपलब्ध झाली.

वाहनतळाची संस्कृती

काही कलाकारांच्या चाहत्यांसाठी वाहनतळावरील जमाव हा कार्यक्रमाचाच भाग बनला. गायक जिमी बफे यांचे चाहते पॅरटहेड या नावाने ओळखले जातात. रंगीबेरंगी शर्ट, कृत्रिम ताडाची झाडे आणि मार्गरिटा यांनी सजलेले त्यांचे मेळावे प्रसिद्ध होते. ग्रेटफुल डेड या बँडच्या कार्यक्रमांबाहेर खाद्यपदार्थ, कपडे आणि दागिने विकणाऱ्या चाहत्यांचा तात्पुरता बाजार भरत असे. बँडच्या १९७८ सालच्या ध्वनिमुद्रिकेवरून त्या बाजाराला शेकडाउन स्ट्रीट हे नाव पडले. पुढे फिशसारख्या बँडच्या कार्यक्रमांबाहेरही असेच बाजार भरू लागले. कंट्री संगीताच्या उन्हाळी दौऱ्यांतही टेलगेटिंगला मोठे स्थान आहे.

डिअर क्रीक येथील घटना

वाहनतळावरील जमावाचा कार्यक्रमाच्या सुरक्षिततेवर होणारा परिणाम स्पष्ट करताना ग्रेटफुल डेडच्या अखेरच्या वर्षांचा दाखला दिला जातो. १९८७ साली या बँडला अनपेक्षित व्यावसायिक यश मिळाले आणि तिकीट नसतानाही केवळ वाहनतळावरील वातावरणासाठी येणाऱ्यांची संख्या वाढली. स्थळांच्या आसपासची गावे आणि पोलीस त्रस्त झाल्याने काही ठिकाणी पुन्हा कार्यक्रम करणे बँडला अवघड होऊ लागले. १९८९ साली बँडने आपल्या कार्यक्रमांच्या ठिकाणी वस्तूंची विक्री आणि मुक्काम यांना मनाई केली. तिकीट नसलेल्यांनी येऊ नये, असे आवाहनही केले. चाहत्यांचा मेळा हीच ज्यांची ओळख होती, त्यांनाच त्या मेळ्यावर मर्यादा घालावी लागली.

२ जुलै १९९५ रोजी डिअर क्रीक येथे कार्यक्रम चालू असताना बाहेर जमलेल्या तिकीट नसलेल्या हजारो लोकांनी मागचे कुंपण पाडून आत प्रवेश केला. पोलिसांनी त्यांना आवरण्याचा प्रयत्न केला, तेव्हा त्यांच्यावर दगड व बाटल्या फेकण्यात आल्या. दुसऱ्या दिवशीचा कार्यक्रम रद्द करण्यात आला. त्यानंतर बँडने चाहत्यांना उद्देशून पत्र प्रसृत केले आणि असे प्रकार चालू राहिल्यास दौरे करणे शक्य होणार नाही, असा इशारा दिला. बँडचे प्रमुख गिटारवादक जेरी गार्सिया यांचे ९ ऑगस्ट १९९५ रोजी निधन झाले आणि बँड विसर्जित झाला.

या घटनेचे मूळ केवळ वाहनतळावरील खाण्यापिण्यात नव्हते. परंतु कार्यक्रमाशी प्रत्यक्ष संबंध नसलेला मोठा जमाव दाराबाहेर तासन्‌तास थांबून राहिला, तर कुंपणाच्या आतील सुरक्षा व्यवस्था पुरेशी ठरत नाही, हे तिच्यातून दिसून आले. वैध तिकीट असल्याशिवाय वाहनतळावर प्रवेश न देण्याचा नियम याच धोक्यावरचा उपाय आहे.

निर्बंधांचे प्रकार

प्रत्यक्षातील नियम सामान्यतः पुढील प्रकारांत मोडतात. एकाच स्थळावर यांपैकी अनेक नियम एकत्र लागू असू शकतात.

पूर्ण बंदी : गाडी उभी करताच श्रोत्यांनी प्रवेशद्वाराकडे जावे, अशी अपेक्षा असते. वाहनतळावर रेंगाळण्यास मनाई असते.

वेळेचे बंधन : वाहनतळ कार्यक्रमाच्या ठरावीक काळ आधीच उघडला जातो आणि कार्यक्रम संपल्यावर ठरावीक वेळेत रिकामा करावा लागतो. वाहनतळ उशिरा उघडणे हा टेलगेटिंग आटोक्यात ठेवण्याचा सर्वांत साधा उपाय आहे, कारण त्यासाठी प्रत्येक गाडीची तपासणी करावी लागत नाही.

जागेचे बंधन : प्रत्येक गाडीला एकच जागा मिळते. शेजारची जागा मित्रांसाठी अडवून ठेवणे, गाड्यांमधील मार्गावर टेबल-खुर्च्या मांडणे आणि मोठे तंबू उभारणे यांस मनाई असते.

मद्याचे बंधन : मद्य पूर्णपणे निषिद्ध असते किंवा काचेच्या बाटल्या, बीअरची पिंपे आणि एकाच वेळी भरपूर मद्य रिचवण्याचे खेळ यांवर बंदी असते.

ज्योतीचे बंधन : कोळशाच्या शेगड्या, लाकडाची शेकोटी किंवा सर्वच प्रकारच्या शेगड्या निषिद्ध असतात. कोळशाला बंदी आणि लहान गॅस शेगडीला मुभा असाही नियम आढळतो.

विक्रीचे बंधन : परवान्याशिवाय खाद्यपदार्थ, कपडे किंवा अन्य वस्तू विकता येत नाहीत. काही बँडच्या कार्यक्रमांबाहेर फुग्यांत भरून विकला जाणारा नायट्रस ऑक्साइड वायू हा या संदर्भात पोलिसांपुढील नेहमीचा प्रश्न आहे.

टेलगेटिंग आणि साधे खाणे यांतील सीमारेषा आखणे अवघड असते. न्यू जर्सीतील मेटलाइफ स्टेडियममध्ये २०१४ साली झालेल्या सुपर बोल सामन्यात प्रेक्षकांना स्वतःच्या जागेच्या हद्दीत गाडीजवळ उभे राहून खाण्यापिण्याची मुभा होती, पण शेगडी आणि घडीच्या खुर्च्या बाहेर काढण्यास मनाई होती. हा सामना संगीत कार्यक्रम नव्हता. तरी बंदी नेमकी कशावर आहे हे वस्तूंच्या नावांनिशी सांगण्याची ही पद्धत संगीतस्थळांच्या नियमांतही दिसते.

निर्बंधांची कारणे

मद्यपान आणि वाहन चालवणे

निर्बंधांच्या समर्थनार्थ दिले जाणारे हे सर्वांत महत्त्वाचे कारण आहे. आवारातील परवानाधारक विक्रेता ग्राहकाचे वय तपासतो, एका वेळी किती पेये द्यायची यावर मर्यादा ठेवतो आणि नशेत असलेल्या व्यक्तीला मद्य नाकारू शकतो. वाहनतळावर हे काम करणारा कोणी नसतो. कार्यक्रम संपल्यावर तेथील बहुतेक लोक स्वतः गाडी चालवत परततात. अमेरिकेतील बहुतेक राज्यांत वाहनचालकाच्या रक्तातील मद्याची मर्यादा ०.०८ टक्के आहे. यूटा राज्याने ती २०१८ च्या अखेरीपासून ०.०५ टक्के केली.

मिनेसोटा विद्यापीठातील संशोधकांनी बेसबॉल आणि फुटबॉलचे सामने पाहून बाहेर पडणाऱ्या ३६२ प्रौढांच्या श्वासाची चाचणी घेतली आणि निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध केले. सुमारे ४० टक्के लोकांच्या शरीरात मद्याचा अंश आढळला आणि सुमारे ८ टक्के लोक कायदेशीर मर्यादेच्या वर होते. सामन्यापूर्वी टेलगेटिंग केलेल्यांत मर्यादेच्या वर असण्याची शक्यता इतरांच्या तुलनेत सुमारे १४ पट होती. हा अभ्यास क्रीडाप्रेक्षकांचा होता आणि चाचणी देणे ऐच्छिक होते. त्यामुळे त्याचे आकडे संगीत कार्यक्रमांना जसेच्या तसे लागू करता येत नाहीत. तसेच टेलगेटिंगमुळे मद्यपान वाढते, की अधिक मद्यपान करणारेच टेलगेटिंगकडे वळतात, हेही अशा चाचणीतून ठरत नाही.

आग

गाड्या दाटीने उभ्या असलेल्या ठिकाणी कोळशाची शेगडी दुहेरी धोका निर्माण करते. जळत असताना ती इंधनाच्या टाक्यांजवळ असते. कार्यक्रमाची वेळ झाली की धगधगते निखारे घाईघाईने कचऱ्याच्या पिंपात, गवतावर किंवा गाडीखाली टाकले जातात. खुल्या संगीतस्थळांचे अनेक वाहनतळ डांबरी नसून गवताचे असतात आणि कार्यक्रमांचा हंगाम उन्हाळ्याचा असतो. कोरड्या वर्षी कोलोरॅडो आणि कॅलिफोर्नियासारख्या राज्यांत स्थानिक प्रशासन वणव्याच्या भीतीने उघड्या ज्योतीवर तात्पुरती बंदी घालते. अशा काळात संगीतस्थळाचा स्वतःचा नियम शिथिल असला, तरी प्रशासनाचा आदेशच लागू होतो.

जागेच्या इतिहासानेही धोका वाढू शकतो. कॅलिफोर्नियातील माउंटन व्ह्यू येथील शोरलाइन ॲम्फिथिएटर १९८६ साली जुन्या कचराभूमीवर उभारण्यात आले. सुरुवातीच्या काळात तेथील हिरवळीतून बाहेर पडणाऱ्या मिथेन वायूने पेट घेतल्याच्या घटना घडल्या. त्यानंतर वायू बाहेर काढण्याची व्यवस्था सुधारण्यात आली.

वाहतूक आणि आपत्कालीन मार्ग

गाड्यांमधील मार्गांवर मांडलेल्या टेबल-खुर्च्या आणि तंबू यांमुळे रुग्णवाहिका आणि अग्निशमन दलाची वाहने अडू शकतात. एका गाडीने दोन जागा व्यापल्या, तर वाहनतळाची क्षमता घटते आणि उरलेल्या गाड्यांची रांग महामार्गापर्यंत पोहोचते. कार्यक्रम सुरू होईपर्यंत लोक बाहेर थांबले, तर शेवटच्या काही मिनिटांत प्रवेशद्वारावर एकदम गर्दी होते आणि सामानाच्या तपासणीवर ताण येतो.

कचरा आणि शेजाऱ्यांचा त्रास

बाटल्या, डबे, उरलेले अन्न आणि मोडक्या खुर्च्या उचलण्याचा खर्च स्थळाच्या चालकावर किंवा नगरपालिकेवर पडतो. पिट्सबर्ग येथील स्टेडियममध्ये २०१३ आणि २०१६ साली झालेल्या केनी चेस्नी यांच्या कार्यक्रमांनंतर वाहनतळांवर साचलेल्या कचऱ्याची आणि तेथील बेशिस्तीची देशभर चर्चा झाली. लगतच्या वस्त्यांतून गोंगाट, खासगी आवारात केलेली लघवी आणि रस्त्यावर उभ्या केलेल्या गाड्या यांविषयी तक्रारी येतात.

कायदेशीर आधार

खासगी मालकीच्या जागेत कोणत्या अटींवर प्रवेश द्यायचा, हे मालक ठरवू शकतो. तिकीट म्हणजे जागेवरील हक्क नव्हे, तर रद्द करता येण्याजोगी परवानगी असते, हे तत्त्व अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वॉशिंग्टन जॉकी क्लबसंबंधीच्या खटल्यात १९१३ साली मान्य केले. त्यामुळे नियम मोडणाऱ्याला आवाराबाहेर काढता येते, आणि त्याने जाण्यास नकार दिल्यास अनधिकृत प्रवेशाचा गुन्हा दाखल होऊ शकतो. शहर, राज्य किंवा संघराज्य सरकारच्या मालकीच्या जागेत उद्यानविषयक नियम थेट लागू होतात आणि त्यांचा भंग हा स्वतंत्र अपराध ठरतो.

१९८४ च्या राष्ट्रीय किमान मद्यपान वय कायद्याने मद्य खरेदीसाठी २१ वर्षांची अट न घालणाऱ्या राज्यांच्या महामार्ग निधीत कपात करण्याची तरतूद केली. १९८८ पर्यंत सर्व राज्यांनी ही अट स्वीकारली. गाडीत मद्याची उघडी बाटली बाळगण्यास मनाई करणारे कायदे राज्यांनी करावेत, यासाठीही १९९८ च्या संघीय कायद्याने आर्थिक दडपण आणले. मात्र या तरतुदीचा रोख सार्वजनिक महामार्गावरील वाहनांवर आहे. खासगी वाहनतळावर गाडीबाहेर उभे राहून मद्य पिणे तिच्या कक्षेत येतेच असे नाही. ही उणीव स्थानिक नियम किंवा स्थळाचे स्वतःचे नियम भरून काढतात.

नुकसानभरपाईचे दायित्व हा तिसरा आधार आहे. इंडियाना राज्यात फुटबॉल सामन्यानंतर वाहनतळावर एका मद्यधुंद व्यक्तीच्या अंगावर पडण्याने एक महिला जखमी झाली होती. तिने नॉटर डेम विद्यापीठाविरुद्ध दावा केला. राज्याच्या अपील न्यायालयाने १९८३ साली असे मत दिले, की आवारात टेलगेट मेजवान्या होतात आणि मद्यपान होते हे विद्यापीठाला माहीत होते, म्हणून इतरांच्या वर्तनापासून पाहुण्यांचे रक्षण करण्यासाठी वाजवी काळजी घेणे हे त्याचे कर्तव्य होते. या निकालाचा अर्थ असा, की वाहनतळावरील मद्यपानाकडे जाणीवपूर्वक दुर्लक्ष करणारा मालक नंतर अनभिज्ञता पुढे करू शकत नाही.

न्यू जर्सीतील दुसऱ्या प्रकरणात १९९९ साली फुटबॉल सामन्याहून परतणाऱ्या मद्यधुंद चालकाच्या धडकेने एका लहान मुलीला कायमचे अपंगत्व आले. २००५ साली ज्यूरीने चालक आणि स्टेडियममधील बीअरविक्रेती कंपनी यांच्याविरुद्ध एकूण १३.५ कोटी डॉलरची भरपाई मंजूर केली. २००६ साली अपील न्यायालयाने हा निर्णय रद्द करून फेरसुनावणीचा आदेश दिला. स्टेडियममधील एकंदर मद्यपानाच्या वातावरणाविषयीचा पुरावा ज्यूरीपुढे यायला नको होता, हे त्यामागील एक कारण होते. निर्णय टिकला नसला, तरी एका सायंकाळच्या मद्यपानातून केवढे दायित्व उद्भवू शकते, हे त्यातून स्थळचालक आणि विमा कंपन्यांपुढे आले.

स्थळांनुसार भिन्नता

निर्बंध किती कडक असावेत हे जागेची मालकी, तिची भौगोलिक रचना आणि तेथे पोहोचण्याची साधने यांवर अवलंबून असते.

न्यूयॉर्कमधील जोन्स बीच येथील खुले नाट्यगृह १९५२ साली राज्य उद्यानाच्या आवारात उभारण्यात आले. त्याचे वाहनतळ समुद्रकिनाऱ्यावरील उद्यानाचेच असल्याने त्यांना उद्यानाचे नियम लागू होतात आणि तेथे मद्य व टेलगेटिंग निषिद्ध आहे.

हॉलिवूड बोल डोंगराळ भागात असल्याने तेथे वाहनतळासाठी जागा अपुरी आहे. गाड्या एकामागे एक चिकटून उभ्या केल्या जातात आणि पुढची गाडी निघाल्याशिवाय मागची निघू शकत नाही. गाडीच्या मागे टेबल मांडायला तेथे जागाच उरत नाही. त्याऐवजी आवारात सहभोजनासाठी खास जागा राखून ठेवल्या आहेत. लॉस एंजेलिस फिलहार्मोनिकच्या स्वतःच्या कार्यक्रमांना श्रोते घरून मद्य आणू शकतात, परंतु इतर आयोजकांनी भाड्याने घेतलेल्या कार्यक्रमांना ते आणता येत नाही.

व्हर्जिनियातील वुल्फ ट्रॅप हे राष्ट्रीय उद्यान सेवेच्या अखत्यारीतील संगीतस्थळ असून तेथील फायलीन सेंटर १९७१ साली सुरू झाले. हिरवळीवरील श्रोत्यांना तेथे स्वतःचे अन्न आणि पेये आणता येतात. रॅव्हिनिया येथेही अशीच परंपरा आहे. शिवाय तेथे प्रवेशद्वाराजवळच रेल्वे स्थानक असल्याने अनेक श्रोते गाडी न आणता शिकागोहून येतात. त्यामुळे वाहनतळावरील गर्दी आणि मद्यपान करून गाडी चालवण्याची शक्यता दोन्ही घटतात.

वॉशिंग्टन राज्यातील गॉर्ज ॲम्फिथिएटर सिएटलपासून सुमारे २४० किलोमीटर अंतरावर आहे. रात्री उशिरा एवढे अंतर कापावे लागू नये, यासाठी तेथे लगतच मुक्कामाची सशुल्क जागा आहे. श्रोते रात्री तेथेच राहत असल्याने लगेच गाडी चालवण्याचा प्रश्न काही अंशी सुटतो, मात्र रात्रभराच्या बंदोबस्ताची जबाबदारी वाढते.

कोलोरॅडोतील डेन्व्हर शहराच्या मालकीचे रेड रॉक्स ॲम्फिथिएटर १९४१ साली सुरू झाले. खडकांच्या उतारावरील तेथील वाहनतळांवर मर्यादित स्वरूपाचे टेलगेटिंग चालते. अल्पाइन व्हॅली येथे विस्तीर्ण वाहनतळामुळे टेलगेटिंगची जुनी परंपरा आहे.

अंमलबजावणी

नियमांची माहिती तिकिटावर, संकेतस्थळावर आणि वाहनतळाच्या प्रवेशावरील फलकांवर दिली जाते. प्रत्यक्ष अंमलबजावणी स्थळाचे कर्मचारी, खासगी सुरक्षारक्षक आणि स्थानिक पोलीस यांच्यात विभागलेली असते. कर्मचारी सूचना देऊ शकतात किंवा प्रवेश नाकारू शकतात. दंड आणि अटक हे अधिकार पोलिसांकडे असतात. २१ वर्षांखालील मद्यपींना शोधण्यासाठी काही ठिकाणी साध्या वेशातील पोलीस वाहनतळावर फिरतात.

हजारो गाड्या एकाच वेळी येत असताना प्रत्येक गाडीची झडती घेणे शक्य नसते. त्यामुळे अनेक ठिकाणी लेखी नियम कडक, पण प्रत्यक्ष व्यवहार सौम्य असतो. शांतपणे खाणाऱ्या कुटुंबाकडे दुर्लक्ष केले जाते आणि गोंगाट करणाऱ्या गटावर कारवाई होते. ही लवचीकता सोयीची असली, तरी तिच्यामुळे नियम निवडकपणे लावला जात असल्याची तक्रार उद्भवते. कलाकार आणि श्रोतृवर्ग यांनुसार एकाच स्थळावर बंदोबस्त कमीअधिक केला जातो, यावरही आक्षेप घेतला जातो.

आर्थिक बाजू आणि टीका

१९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात एसएफएक्स या कंपनीने अमेरिकेतील अनेक प्रादेशिक आयोजक संस्था विकत घेतल्या. २००० साली ती क्लिअर चॅनल कंपनीकडे गेली आणि २००५ साली तिच्यापासून लाइव्ह नेशन ही स्वतंत्र कंपनी तयार झाली. २०१० साली लाइव्ह नेशनचे तिकीटमास्टर या तिकीटविक्री कंपनीशी विलीनीकरण झाले. परिणामी अनेक ॲम्फिथिएटरांचे संचालन, कार्यक्रमांचे आयोजन आणि तिकीटविक्री एकाच उद्योगसमूहाकडे आली. तिकिटाच्या रकमेतील मोठा वाटा कलाकाराला जात असल्याने वाहनतळाचे शुल्क, खाद्यपदार्थ आणि बीअर यांची विक्री स्थळचालकासाठी महत्त्वाची ठरते. वाहनतळावर पोटभर खाऊन-पिऊन आलेला श्रोता आत कमी खर्च करतो.

यावरूनच टीकाकार निर्बंधांच्या हेतूविषयी शंका घेतात. मद्यपान करून गाडी चालवण्याचा धोका हेच खरे कारण असेल, तर आवारात मोठ्या पेल्यांतून बीअर का विकली जाते, असा त्यांचा प्रश्न असतो. वाहनतळाचे शुल्क घेऊनही तेथे बसू न देणे त्यांना अन्यायकारक वाटते. आतील खाद्यपदार्थांच्या चढ्या किमती न परवडणाऱ्या कुटुंबांना बंदीची झळ अधिक बसते, असेही सांगितले जाते. बंदीमुळे मद्यपान थांबत नाही, तर ते प्रवासात किंवा आत शिरण्यापूर्वी घाईघाईने उरकले जाते, हा आणखी एक आक्षेप आहे. चाहत्यांच्या दृष्टीने वाहनतळ ही अनोळखी लोकांशी मैत्री होण्याची जागा असते आणि ती बंद झाल्यास कार्यक्रमाचा सामाजिक भाग हरवतो.

निर्बंधांचे समर्थक यावर असे उत्तर देतात, की आत विकल्या जाणाऱ्या मद्यावर परवान्याच्या अटी आणि प्रशिक्षित कर्मचाऱ्यांचे नियंत्रण असते, जे वाहनतळावर नसते. शिवाय अपघात झाल्यास भरपाईचा दावा स्थळावर येतो, वाहनतळावर मद्य घेऊन आलेल्या पाहुण्यावर नाही. व्यापारी हित आणि सुरक्षितता या दोन्ही गोष्टी एकाच नियमातून साधल्या जात असल्याने कोणता हेतू प्रधान आहे, हे बहुधा केवळ नियमाच्या शब्दांवरून ठरवता येत नाही. घरून आणलेल्या अन्नाला मुभा देऊन केवळ मद्य आणि ज्योत यांवर बंदी घालणारा नियम सुरक्षिततेच्या कारणाशी अधिक सुसंगत ठरतो, तर अन्नासकट सर्व काही निषिद्ध करणारा नियम विक्रीच्या हिताबद्दलचा संशय वाढवतो.

पर्यायी उपाय

पूर्ण बंदीऐवजी अनेक मधले मार्ग वापरले जातात. टेलगेटिंग करणाऱ्यांसाठी वाहनतळाचा वेगळा भाग राखून ठेवणे आणि उर्वरित भाग कुटुंबांसाठी शांत ठेवणे, निखारे टाकण्यासाठी धातूची पिंपे ठेवणे, प्रत्येक गाडीला कचऱ्याची पिशवी देणे आणि कार्यक्रम सुरू होताच वाहनतळ रिकामा करवणे हे त्यांतील प्रमुख होत. मद्यपान न करता मित्रांना घरी नेण्याची हमी देणाऱ्या चालकाला मोफत शीतपेय देण्याची पद्धतही काही ठिकाणी आहे. शहरापासून बससेवा, ॲपवरून बोलावलेल्या टॅक्सींसाठी स्वतंत्र थांबा आणि रात्रभर गाडी ठेवण्याची मुभा यांमुळे मद्यपान केलेल्या व्यक्तीला गाडी न चालवता परतण्याचा मार्ग मिळतो. रॅव्हिनियासारख्या रेल्वेने जोडलेल्या स्थळांचे उदाहरण पाहता, टेलगेटिंगचा प्रश्न वाहनतळावरील वर्तनाइतकाच तेथे मोटारीशिवाय पोहोचता येते की नाही याच्याशीही निगडित आहे.